टर्बो बदलला तरी निळा धूर जात नाही (१.३ डिझेल, २०१०)

करूळघाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, आज अडलोय म्हणून लिहितोय.

गाडी २०१० ची, १.३ लिटर टर्बो डिझेल हॅचबॅक, ७५ पीएसवाली. १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. गाडी बाबांची. ते जनावरांचे डॉक्टर, निवृत्त होईपर्यंत गगनबावडा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर याच गाडीने फिरले. डिसेंबरात पंधरा वर्षं पूर्ण झाली. ग्रीन टॅक्स भरून पाच वर्षांचं नूतनीकरण करून घेतलंय. तेव्हा ‘विकून टाक’ हा सल्ला कृपया नको.

दिवाळीत वैभववाडीहून परत येताना घाट चढून गगनबावड्याला चहाला थांबलो. पाऊस होता, आई गाडीतच बसून राहिली, म्हणून इंजिन चालूच ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांनी निघालो, पहिल्या गिअरला रेस दिली आणि आरशात मागचा रस्ताच दिसेना. निळसर पांढरा लोट, जळक्या ऑइलचा वास. मागचा दुचाकीवाला तोंडाला रुमाल लावून कडेला थांबला. दोनशे मीटर गेल्यावर धूर आपोआप बंद. तेव्हापासून हेच चाललंय. गाडी उभी राहून चालू असली की पुढच्या रेसला धूर, आणि चालत राहिली की काही नाही.

गॅरेजवाल्यांनी टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा भरणारा पंखा) गेला म्हणून सांगितलं. रिपेअर केलेला टर्बो बसवला, मजुरीसकट १८ हजार. पहिले चार दिवस धूर आला तेव्हा म्हणाले, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळतंय, जाईल. आता तीन आठवडे झाले, ७०० किलोमीटर झाले, धूर तसाच आणि ऑइल अर्धा लिटर उतरलं. आता तेच म्हणतात की इंजिन बसलंय, रिंग-पिस्टन करावं लागेल, ६५ हजार. दुसऱ्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, टर्बोच खराब दिलाय. पीयूसी मात्र पास झालंय. कुणाचं खरं मानू?

मांडवीकाठ
सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर येतो का? ओढ कमी झालीय का? टर्बोची शिट्टी आधीसारखीच आहे की कर्कश झालीय? आणि कूलंट उतरतंय का तेही पाहा. पांढऱ्या धुराचं कारण ते असू शकतं.

करूळघाट
सकाळी थोडा येतो, दोन-तीन मिनिटं. ओढ उत्तम आहे, नव्या टर्बोनंतर तर घाटात तिसऱ्या गिअरला आरामात चढते. शिट्टी नॉर्मल. कूलंट महिनाभर जिथल्या तिथे आहे.

सांगलीकर
भावा, सरळ घट्ट २०डब्ल्यू-५० ऑइल टाक आणि वर एक डबा अ‍ॅडिटिव्ह. माझ्या जीपला तेच करून तीन वर्षं काढली. जुनी इंजिनं पातळ ऑइल पितातच.

उद्यमनगरवाला
सांगलीकर, तुमचा हेतू चांगला आहे, पण या गाडीला ते करू नका. तुमच्या जुन्या जीपची गोष्ट निराळी. या टर्बोचा शाफ्ट (मधला दांडा) मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो आणि तो बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. थंडीत सकाळी घट्ट ऑइल तिथे पोचायला जो वेळ लागेल तेवढ्यात नव्या बेअरिंगची वाट लागेल.

करूळघाट, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एकतीस वर्षं टर्बोच्या टेबलावर काम केलंय. आता बसून आहे, पण हात अजून सांगतो. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्यासारखी केस महिन्याला दोन तरी यायची आणि त्यातल्या निम्म्या लोकांनी टर्बोचे पैसे फुकट घातलेले असायचे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. टर्बोला रबरी सील नसतं. एवढ्या उष्णतेत आणि वेगात ते टिकणारच नाही. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पिस्टन रिंगसारखी एकेक बारीक रिंग असते, आणि तिचं मुख्य काम गॅस अडवणं. मग ऑइल आत का राहतं? एक, दोन्ही टोकांच्या पंख्यांच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या आणि हवेच्या, बाजूने दाब असतो, तो ऑइलला बाहेर येऊ देत नाही. दोन, आलेलं ऑइल तिथे क्षणभर थांबत नाही, लगेच खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) पडतं. आत जाताना ते दाबाने धारेसारखं जातं, पण शाफ्टने घुसळल्यावर बाहेर येतं ते ताकाच्या फेसासारखं. त्याला खाली ढकलायला पंप नाही, नुसतं स्वतःचं वजन. म्हणून वरची नळी पेन्सिलीएवढी आणि खालची रिटर्न नळी अंगठ्याएवढी जाड असते.

आता ही रिटर्न नळी थोडी जरी तुंबली तरी काय होईल? ऑइल वर टर्बोच्या पोटात साठेल आणि जिथे दाब कमी तिथून बाहेर पडेल. गाडी उभी राहून चालू असते तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला दाब सगळ्यात कमी. ऑइल झिरपून गरम सायलेन्सरमध्ये साठतं, तुम्ही रेस दिली की सगळं एकदम जळतं आणि दोनशे मीटरमध्ये संपतं. तुमचं वर्णन वाचल्यावर मला हेच दिसलं. पीयूसीवाला गरम इंजिनाला लागोपाठ रेस देऊन धुराची दाटी मोजतो. पहिल्या एक-दोन रेसमध्ये साठलेलं उडून गेलं की पुढचे आकडे स्वच्छ येतात, त्यामुळे त्या पासवर जाऊ नका.

रिटर्न तुंबण्यासारखाच परिणाम बॅक कम्प्रेशनचा होतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या किंवा ब्रीदर (चेंबरमधला वाफारा बाहेर सोडणारी नळी) तुंबला की चेंबरमधला दाब वाढतो आणि ऑइलला खाली यायला वाटच राहत नाही. आणि एअर फिल्टर अगदी चोंदला असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या हवेच्या पंख्याच्या बाजूने ऑइल ओढलं जातं. या तिन्हीत टर्बोचा दोष शून्य, पण डाग त्याच्यावर.

तर हे करून पाहा.

इंजिन चांगलं गरम करा, आयडलवर (रेस न देता चालू) ठेवा, ऑइल भरायचं झाकण काढून उलटं तोंडावर नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर ठीक. उडून पडलं, किंवा आगगाडीसारखे धुराचे झोत आले, तर रिंगा किंवा ब्रीदर.

मग इंजिन बंद करून, थंड करून, एअर फिल्टरकडून टर्बोत येणारा होज काढा. आत बोट फिरवा. बोट नुसतं ओशट झालं तर तो ब्रीदरचा नेहमीचा ऑइलचा वाफारा. ओघळ असेल तर सांगा. दुसऱ्या टोकाला सायलेन्सरचा पाईप टर्बोपासून सोडवून बघा, कोरडी काजळी आहे की ओलं काळं चिकट. त्याच वेळी पंख्याचं नट दोन बोटांत धरून शाफ्ट पुढेमागे ढकला. पुढेमागे जाणवण्याइतका खेळ असता कामा नये. आडवा हलका खेळ कोरड्या टर्बोत असतोच, पंखा घराला घासत नाही एवढं बघा.

आणि शेवटचा प्रश्न, तो मी गिऱ्हाइकाला सगळ्यात आधी विचारायचो. धूर सुरू व्हायच्या आधी या गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं होतं? टर्बोचंच असं नाही, कुठलंही. आठवून सांगा.

वाईकर
काकांनी उत्तम लिहिलंय. एक भीतीची गोष्ट सांगतो, कारण टर्बोतून ऑइल जात असताना गाडी तशीच पळवणारे खूप आहेत.

आमच्या चुलत्यांच्या जुन्या डिझेल गाडीत टर्बोच्या हवेच्या पंख्याच्या बाजूने ऑइल जात होतं. इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) ऑइलने भरलेला. खंबाटकी चढताना अचानक इंजिन स्वतःहून तापलेल्या आवाजात ओरडायला लागलं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, चावी बंद केली, तरी इंजिन थांबेना. डिझेल बंद झालं होतं पण इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत होतं. चुलते घाबरून बॉनेट उघडायला निघाले होते. शेजारी बसलेल्या ट्रक ड्रायव्हरने त्यांना आत ओढलं, पाचवा गिअर टाकायला लावला, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबून क्लच एकदम सोडायला लावला. गाडीने एक गचका खाल्ला आणि इंजिन मेलं. क्लचप्लेट गेली, इंजिन वाचलं.

त्यामुळे धूर असेपर्यंत घाटात जाऊ नका. आणि असं झालंच तर बॉनेटजवळ उभं राहू नका. इंजिन फुटलं तर तुकडे बाहेर येतात.

मिरज_जंक्शन
सगळं वाचलं. तरी माझं मत, १ लाख ६८ हजारांना रिंगा गेलेल्या असू शकतात. अर्धा लिटर ऑइल ७०० किलोमीटरला हे कमी नाही. इंजिन खोलायचं टाळून नुसत्या नळ्या बघत बसण्यात अर्थ नाही.

उद्यमनगरवाला
शक्य आहे, नाही म्हणत नाही. पण ६५ हजारांचं काम काढण्याआधी पाचशे रुपयांत कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून होतं. मोजल्याशिवाय इंजिन खोलणं हे पोट न तपासता ऑपरेशन करण्यासारखं आहे.

करूळघाट
काका, रविवारी सगळं केलं. मदतीला शेजारचा डिप्लोमाचा मुलगा होता.

झाकण उलटं ठेवलं, जागेवरच थरथरत राहिलं, उडालं नाही. धूर अगदी थोडा. डिझेल पंपाजवळच्या एका मिस्त्रीकडे कम्प्रेशन मोजून घेतलं. चारही सिलिंडर २४ ते २६ बारच्या मध्ये, मोठा फरक कुठेच नाही.

एअर फिल्टरकडचा होज ओशट, ओघळ नाही. इंटरकूलरच्या खालच्या टोकाचा पाईप सोडला तर दोन चमचे ऑइल निघालं. पण सायलेन्सरचा पाईप टर्बोपासून सोडवला आणि आत बॅटरी मारली तेव्हा सगळं चकचकीत ओलं. कापड घातलं तर डांबरासारखं काळं निघालं. शाफ्टला पुढेमागे खेळ नाही, आडवा अगदी थोडा.

शेवटच्या कामाचं मला काहीच आठवेना. म्हणून बाबांना विचारलं. बाबांनी गाडी घेतल्यापासून एक वही ठेवलीय, डिझेल, हवा, पंक्चर, सगळं तारखेनिशी. औषधांच्या कंपनीची जुनी डायरी आहे ती. त्यातली ही ओळ जशीच्या तशी लिहितो:

‘१२ जून. टर्बोखाली ऑइल गळती. पॅकिंग मिळाले नाही. सिलिकॉन लावले. ३५० रु.’

त्याआधीची दहा वर्षं चाळली. दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल भरल्याची एकही नोंद नाही. या ओळीनंतर पाच आठवड्यांनी ‘ऑइल अर्धा लि. भरले’, मग ऑगस्टात परत, सप्टेंबरात दोनदा.

उद्यमनगरवाला
तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. एकतीस वर्षांत असं निदान लिहून आणणारं गिऱ्हाइक मला भेटलं नाही.

रिटर्न पाईप काढा. दोन्ही टोकांचा. ओढून मोडू नका, बोल्टवर रस्ट स्प्रे मारून, रात्रभर ठेवून मग सोडवा. आत काय निघतं त्याचा फोटो टाका. आणि मला पूर्ण खात्री आहे की नवा टर्बो बसवताना तोच पाईप, तसाच, पुसून परत लावलाय.

करूळघाट
फोटो टाकलाय. लिहूनही ठेवतो, कारण पुढे कुणाच्या उपयोगी पडेल.

वरच्या फ्लँजला (नळी टर्बोला बसते त्या चकतीला) लाल सिलिकॉन. बाहेरून बघितलं तर काम नीटनेटकं दिसतं, कडेने सारखी रेघ. पण फ्लँज दाबला तेव्हा जेवढं बाहेर आलं तेवढंच आतही गेलं होतं. नळीच्या तोंडाला आतून कडं तयार झालेलं, शिंपल्यासारखं, आणि त्याची एक जीभ सुटून खाली लोंबत होती. त्या जिभेवर ऑइल जळून जळून काळा खर साचलेला. १४-१५ मिलिमीटरच्या भोकातून माझी करंगळीही जाईना, उदबत्तीची काडी गेली. खाली नळीच्या वळणावर सिलिकॉनचा आणखी एक तुकडा, वाटाण्याएवढा, अडकून बसलेला. तो चिमट्याने काढला तेव्हा बाबा शेजारी उभे होते. त्यांनी तो हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाले, “जनावराच्या घशात बाटलीचं बूच अडकतं तसं झालं होतं.”

काका, आता पुढे काय? टर्बो परत काढून दाखवू का?

उद्यमनगरवाला
पुढेमागे खेळ नाही, पंखा घासलेला नाही, ओढ आहे, शिट्टी नीट आहे. टर्बो राहू द्या. त्या बिचाऱ्याने महिनाभर गळ्यापर्यंत ऑइलमध्ये काम केलंय, तरी धड आहे.

आता नीट ऐका, इथेच लोक घाई करतात.

रिटर्न पाईप साफ करून परत वापरू नका, नवा घ्या. वरची फीड नळी आणि तिचा बँजो बोल्टही (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) बदला. त्या बारीक भोकात खर धरतो आणि तो तारेने खरवडला तर कचरा थेट बेअरिंगमध्ये जातो. पॅकिंग कंपनीचं, धातूचं. मिळालं नाही तर दोन दिवस थांबा, पण ऑइलच्या वाटेवर सिलिकॉनचा थेंब नको, ना वर ना खाली. पाईप लावताना तो सरळ खाली उतरतो ना, कुठे आडवा किंवा दबलेला नाही ना, हे हाताने तपासा.

ऑइल आणि फिल्टर बदला, ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलाय तोच. सुटलेला सिलिकॉन चेंबरमध्येही गेला असणार, म्हणून चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी बघा. हे काम टाळू नका. जाळी अर्धी जरी झाकली गेली तरी पुढचा नंबर इंजिनाचा.

इंटरकूलर काढून धुवा. डिझेलने धुतलात तर ते आत राहून इंजिनात जाईल आणि वाईकरांनी सांगितलं तसं होईल. डिग्रीझरने धुवा, पाण्याने काढा, उभा टांगून एक पूर्ण दिवस वाळवा.

फीड नळी जोडण्याआधी टर्बोच्या वरच्या भोकात पिचकारीने स्वच्छ ऑइल घाला, शाफ्ट बोटाने फिरवा. मग इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर दहा-दहा सेकंद तीन वेळा मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच चालू करा आणि पाच मिनिटं रेस देऊ नका.

सायलेन्सर आणि कॅटमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जे साठलंय ते जळायला वेळ लागेल, त्यामुळे धूर लगेच जाणार नाही. फरक असा ओळखा: रोज कमी होत गेला तर जुनं ऑइल, रोज तेवढाच राहिला तर गळती चालू आहे. तुमच्या आधीच्या गॅरेजवाल्यांनी चार दिवस थांबायला सांगितलं ते चूक नव्हतं. पाचव्या दिवशी गाडी परत बघायला हवी होती.

मांडवीकाठ
इंजेक्टरचे कनेक्टर काढून स्टार्टर मारला की चेक इंजिन दिवा लागेल, घाबरू नका, स्कॅनरने पुसला जातो.

अनुजा_पुणे
हा धागा पहिल्यापासून वाचतेय. माझीही जुनी टर्बो डिझेल आहे, आठवड्याला ताम्हिणीतून माणगावला जाते. काका, घाट चढून लगेच गाडी बंद करू नये म्हणतात ते या टर्बोलाही लागू आहे का? की जुन्या काळचं आहे?

उद्यमनगरवाला
लागू आहे ताई. पूर्ण जोरात चढताना डिझेलचा एक्झॉस्ट सातशे अंशांच्या घरात जातो. इंजिन बंद केलं की ऑइल पंप थांबतो, पण लोखंडी घराची उष्णता शाफ्टमधून आत येतच राहते. तिथे उरलेलं ऑइल जळून खर होतो. रोज थोडा थोडा. रिटर्नची वाट अशीही बारीक होते, सिलिकॉनशिवाय. पण त्यासाठी वीस मिनिटं उभं राहायची गरज नाही. घाटमाथा आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर हळू चालवलंत, थांबल्यावर एखादा मिनिट आयडलवर ठेवलंत, की पुरे.

अनुजा_पुणे
धन्यवाद काका. इतक्या सोप्या शब्दांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

करूळघाट
सगळं केलं. चेंबर उतरवला तेव्हा काकांचं म्हणणं खरं निघालं, जाळीवर लाल सिलिकॉनचे चार-पाच कण आणि एक लांब धागा चिकटलेला. अजून काही महिने गेले असते तर काय झालं असतं ते आता कळतंय.

खर्च: रिटर्न पाईप, फीड नळी, बँजो, पॅकिंग मिळून ३,१००. ऑइल-फिल्टर १,९००. मिस्त्रीची मजुरी २,५००. इंटरकूलर मी आणि शेजारच्या मुलाने घरी धुतला.

पहिल्या दिवशी चालू केली तेव्हा गल्लीभर धूर. पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी सकाळी जेमतेम. सहाव्या दिवशी मुद्दाम वीस मिनिटं उभी चालू ठेवली, सायलेन्सरमागे पांढरं फडकं धरायला मुलाला बसवलं आणि रेस दिली. फडक्यावर काजळीचा फिकट गोल, ओलसरपणा नाही.

सांगलीकर
भावा, जिंकलास. आणि माझा ऑइलचा सल्ला मागे घेतो.

मिरज_जंक्शन
मीही चुकलो. कम्प्रेशन आधी मोजायला हवं, हे पटलं.

करूळघाट
शेवटची बातमी द्यायची राहिली होती. काल १,२०० किलोमीटर झाले. त्यात करूळ घाट चार वेळा, दोनदा पूर्ण भरून. गगनबावड्याला त्याच टपरीवर थांबलो, गाडी चालू ठेवून चहा घेतला, निघताना आरसा स्वच्छ.

आज सकाळी बाबांनी स्वतः डिपस्टिक काढली, कापडाने पुसली, परत घातली, काढून उजेडात धरली. ऑइल वरच्या खुणेपासून केसभरही खाली नव्हतं. मग आत जाऊन त्यांनी वही आणली आणि लिहिलं: ‘ऑइल पाहिले. भरावे लागले नाही.’